खिडकीच्या डावीकडची भिंत

दोंडाईचा
११ मार्च २०२५

चि. ललितला आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. सगळे बरे आहेत. फोन करता आला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर लावूनच बोलतात. पुढच्या खोलीत शुभमची पिठाची गिरणी आहे, तिच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. त्यामुळे एकाचं बोलणं सगळ्यांचं होतं. दळण घेऊन आलेल्या बायकासुद्धा मध्ये सल्ला देतात. मला सांगायचं आहे ते एवढ्या माणसांचं नाही.

आपली सुरतेतली पांडेसऱ्याची खोली आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, पांडुरंगच्या ताब्यात द्यायचं ठरलं आहे. पांडुरंग नांदेडकडचा. तुझे फुवा होते त्याच मिलमध्ये, रंगखात्यात लागला आहे. बायको सुवर्णा, नवीन लग्न. खोली चांगल्या माणसांकडे जाते आहे.

त्या खोलीतला एक फोटो मला काढून दे. सुरतेच्या साड्या तुझ्या फोटोंवरून विकल्या जातात असं तुझा बाप सांगतो. माझा भाऊ वाढवून सांगतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी निम्मं खरं असेल.

खोलीला खिडकी एकच. तिच्या डावीकडची भिंत हवी. खालची फरशी थोडी यावी. माणूस नको, सामान नको. दुपारी काढ.

का ते सांगते. तुझे फुवा कायम रातपाळीला. सकाळी येऊन झोपायचे. खोली एक, त्यात झोपलेला माणूस. रेडिओ लावायचा नाही, भांडं वाजवायचं नाही, शेजारीण आली तर दारातच खुणेनं बोलायचं. शुभम शाळेत. काम उरकलं की मी त्या भिंतीला टेकून बसायची. चार वाजता फुवांचा चहा टाकेपर्यंत. सुरुवातीला रडू यायचं. मग सवय झाली. मग मी सकाळपासून त्या वेळेची वाट पाहायला लागले.

इथं येऊन दोन वर्षं झाली, एकदाही तसं बसता आलं नाही. तुझे फुवा आता दिवसभर जागे असतात. पाणी प्यायला उठलं तरी "कोठे चालनी व?" भिंतीला टेकलं की "काय करी ऱ्हायनी? डोकं दुखस का?" तेवढ्यात जयश्री बाम घेऊन येते. सून चांगली आहे. सगळेच चांगले आहेत. पण बसायचं कसं ते मी विसरत चालले आहे. तो फोटो समोर असला तर आठवेल असं वाटतं.

रिकाम्या भिंतीचा फोटो मागवला म्हणून कोणाला सांगू नकोस, हसतील. किल्ली शेजारच्या उषाबाईकडे आहे. चांगला काढ.

तुझी फुई
रंजना


सुरत
२४ मार्च २०२५

फुई, नमस्कार.

रविवारी जाऊन काम केलं. उषाबाईनं किल्ली दिली आणि चहाही. दोन लाइट नेले होते, कारण त्या खिडकीतून येतो तो उजेड काही कामाचा नाही. समोरच्या शेडच्या पत्र्यावरून येतो, पिवळा पडतो.

फोटो मोठा करून पाठवतो आहे. कागद चांगला वापरला आहे, फिका पडणार नाही. भिंत फार मळली होती. खिळ्यांची भोकं, पोपडे, डाग, वायरची पट्टी. सगळं संगणकावर साफ केलं. फरशीचा एक कोपरा फुटला होता, तोही जोडला. आता बघशील तर तुला वाटेल खोली कालच बांधली.

आमचं कामच हे. साडीची एक घडी राहिली, मॉडेलच्या मानेवर तीळ दिसला, तर आमच्या स्टुडिओचे मालक भूपेंद्रभाई मागे उभे असतात. "ललित, आ काढी नाख." हे काढून टाक, असं दिवसातून किती वेळा ऐकतो कोण जाणे. आता त्यांनी सांगायच्या आत माझा हात जातो.

फ्रेम करून लाव. फुवांना नमस्कार.

ललित


दोंडाईचा
४ एप्रिल २०२५

चि. ललित,

फोटो पोचला. पोस्टमननं गिरणीतच दिला, त्यामुळे लपवता आला नाही. सगळ्यांनी पाहिला. जयश्री म्हणाली, "आई, हे कोणतं हॉटेल?" तुझ्या फुवांनी चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही तऱ्हेनं पाहिला आणि म्हणाले, "आपली खोली इतकी चांगली व्हती तं इकी काब्र?" विकली कशाला ते मला विचारतात. जसं काही मीच विकली.

कागद खरंच चांगला आहे. तू मेहनत घेतलीस.

एक विचारायचं होतं. खिडकीच्या डावीकडे, माणूस खाली बसला तर त्याचं डोकं जिथं टेकेल तेवढ्या उंचीवर, भिंतीवर काही होतं का? आठवत असेल तर कळव. घाई नाही.

फुई


सुरत
९ एप्रिल २०२५

फुई, नमस्कार.

होता. तेलकट डाग. ताटलीएवढा, मध्ये काळपट, कडेला पिवळा. तोच काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुझ्या मनात काय आलं ते माझ्या लक्षात आलं. पांडुरंग ताबा घेताना डाग बघून कुरकुर करेल, आपलं नाव खराब होईल, हेच ना? काळजी सोड. मी त्याला साफ केलेला फोटो पाठवला आहे. त्याला पसंत आहे. शिवाय उषाबाई म्हणाली की ते लोक राहायला येण्याआधी रंग देणारच आहेत. डागाचं नाव राहणार नाही.

सोबत एक गंमत पाठवतो. आमच्याकडे साडीचा फोटो एकाच रंगात काढतात, बाकीचे रंग संगणकावर करतात. एक साडी, आठ मॅचिंग. तसे तुझ्या भिंतीचे आठ मॅचिंग केले आहेत. पिस्ता, गाजरी, आकाशी, कांद्याच्या सालीचा, वगैरे. तुमच्या दोंडाईच्याच्या घराला यातला कोणता शोभेल ते फुवांना विचार. मला आकाशी वाटतो.

ललित


दोंडाईचा
२२ एप्रिल २०२५

चि. ललित,

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि फाडलं.

तुझ्या फुवांना गाजरी आवडला.

मला तो डागच हवा होता. पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं, पण डागाचा फोटो काढ असं कसं लिहायचं? वाटलं, भिंत म्हटलं की डाग आपोआप येईलच. तू तो काढशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तो ठेवायचा असतो हे तुझ्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. यात कोणाची चूक नाही.

न्हाणं झालं की केसांना खोबरेल लावायची, वेणी घालायची आणि तिथं बसायची. डोकं रोज त्याच जागी टेकायचं. डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी साबणानं पुसला होता. दिवाळीला चुना दिला की आठ-पंधरा दिवस जायचा, परत यायचा. पुढे पुसणं सोडलं. घरात बाकी सगळं कोणाचं ना कोणाचं होतं. फुवांची खाट, शुभमचं दप्तर, देव्हारा तर सगळ्यांचा. तेवढी जागा माझी होती, आणि ती कुणाला मागावी लागली नव्हती.

काय विचार करायचीस, असं विचारशील. सांगण्यासारखं काही नाही. कधी गावाकडच्या विहिरीवरची पायरी आठवायची. कधी भाजी काय करायची. एकदा पूर्ण दुपार मी फक्त मिलचा भोंगा ऐकल्यानंतर तो कानात किती वेळ राहतो ते पाहिलं. उठायची तेव्हा अंग हलकं झालेलं असायचं.

तू साफ करण्याआधीचा फोटो असेल तर तोच पाठव. लहान चालेल. नसेल तर आखाजीच्या आत, रंग लागायच्या आधी एकदा जाऊन ये.

लाइट नको नेऊस.

फुई


सुरत
११ मे २०२५

फुई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी इथं नव्हतो. भूपेंद्रभाईंनी लग्नसराईच्या कॅटलॉगसाठी आम्हाला उदयपूरला नेलं होतं. परत आलो तर आखाजी होऊन गेली होती.

आधीचा फोटो माझ्याकडे नाही. आमच्यात साफ झालेला फोटो हाच फोटो. आधीचा कोणी ठेवत नाही. कार्ड रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी त्यात साड्या काढल्या. पत्र वाचल्यावर संगणक सगळा उलटापालटा केला. नाही.

तरी कॅमेरा घेऊन पांडेसऱ्याला गेलो. दार वाजवणार तेवढ्यात ते आतून उघडलं. सुवर्णा होती. तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला, मालक झोपलेत. रातपाळी करून आलेत." हाताला कोपरापर्यंत रंग. भिंती आकाशी. पांडुरंग खाटेवर पाठ करून झोपला होता. तुमच्या खाटेच्याच जागी, दुसरीकडे खाट मावत नाही.

मी खिडकीकडे पाहिलं. भिंत कोरी होती. माझी नजर तिथं पाहून सुवर्णाच कुजबुजली, "तुमाला बी दिसला ना? तीन डाव रंग मारला भाऊ, वाळला की परत वर येऊलालाय. कसलं तेल लावत होत्या आत्याबाई?"

मी जवळ गेलो. फुई, तो होता. आकाशी रंगाच्या आतून. पहिल्यासारखा काळपट नाही. पाण्यात बुडालेली थाळी वरून दिसावी तेवढाच.

मी तिला म्हटलं, मला याचा फोटो हवा आहे. ती तोंडाला पदर लावून हसली. म्हणाली, "तुमी धाडलेल्या फोटूत भिंत सपाट हुती. आता डागाचा फोटू काढायला माणूस आला." मग मी तुझं सांगितलं. सगळं नाही. तू दुपारी तिथं बसायचीस एवढंच. तिनं खाटेकडे पाहिलं. म्हणाली, "मग मी तरी कुठं बसते? तिथंच बसते. दुसरी जागाच नाही." मग ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या. चवथा हात नाही मारत."

लाइट नेले नव्हते. उजेड कमी होता, शेडच्या पत्र्यावरून येतो तो. त्यात डाग कॅमेऱ्यात दिसत नव्हता. सुवर्णा म्हणाली, "बसा की. ऊन खाली उतरलं की दिसंल." मी बसलो. कॅमेरा मांडीवर. बोलायचं नव्हतं, फोन बाहेर काढावा तर खिशातला आवाज होईल. आम्ही लोक उजेडाची वाट पाहत नाही, उजेड घेऊन जातो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाट पाहावी लागली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. सुवर्णा कोथिंबीर निवडत होती. पांडुरंगनं एकदा कूस बदलली, तेव्हा आम्ही दोघंही श्वास धरून बसलो. मी मार्केटचा, हप्त्यांचा, कसलाच विचार करत नव्हतो हे मला उठल्यावर कळलं.

ऊन उतरलं. दिसला. एकच फोटो काढला.

मग तुझ्या जागी बसून समोर जे दिसतं त्याचा एक काढला. शेडचा पत्रा, त्यावर वाळत टाकलेली चादर, मागे धुराडं. तू इतकी वर्षं ते पाहिलंस म्हणून.

दोन्ही पाठवतो आहे. कशालाही हात लावलेला नाही. स्टुडिओत प्रिंट निघत असताना भूपेंद्रभाई मागे येऊन उभे राहिले. सवयीनं म्हणाले, "आ डाघ काढी नाख." मी म्हटलं, "भाई, डाघनो ज फोटो छे." ते बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, "ऑर्डर कोनो छे?" मी म्हटलं, "फोईनो." तर म्हणाले, "तो बराबर."

ललित


सुरत
२० जून २०२५

फुई,

फोटो पोचले का? फोनवर विचारलं तर फुवा म्हणाले "हा, उनात", म्हणजे आले, आणि मग अर्धा तास पावसाबद्दल बोलले. मागून गिरणी चालू होती. तू बोललीच नाहीस.

हवा होता तसा नसेल तर स्पष्ट सांग. परत जाईन. सुवर्णा ये म्हणाली आहे.

ललित


दोंडाईचा
१२ ऑगस्ट २०२५

चि. ललित,

फोटो पोचले होते. काय लिहायचं ते ठरत नव्हतं, आणि मग श्रावणातल्या कानबाईच्या सणाची गडबड सुरू झाली. यंदा तिच्या नैवेद्याचे रोट आमच्याकडे. दोन्ही दीर, त्यांची मुलं, सगळा गोतावळा घरात. गिरणी बंद होती तरी गिरणीपेक्षा जास्त आवाज. काल शेवटची माणसं गेली. आज लिहायला बसले.

आधी दुसऱ्या फोटोबद्दल. ती चादर, तो पत्रा, ते धुराडं मी कधी पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले असायचे. पण फोटो ठेवला आहे. आपल्या खिडकीतून काय दिसायचं ते कळलं.

पहिला फोटो मी मागच्या दारी, जिन्याखाली लावला आहे. तिथं बाजरीची कोठी असते, कोणी येत नाही. फोटोसमोर पोतं टाकून बसायला लागले. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. नुसतं बसून पाय दुखले. दुसऱ्या दिवशी गिरणीचा आवाज नकोसा वाटला. मग कधीतरी लक्षात आलं की तिथं मिलचा आवाजही असाच होता, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं. एकसारखा आवाज असतो, तो आपल्याला काही विचारत नाही.

मग तुझ्या फुवांना पत्ता लागला. वाकून जिन्याखाली पाहिलं. "काय करी ऱ्हायनी व?" मी म्हटलं, "बठेल शे." वाटलं, आता बाम येणार. त्यांनी फोटो पाहिला. तुझा मोठा फोटो कुठला ते त्यांना सांगावं लागलं होतं. हा बघितल्याबरोबर म्हणाले, "हाई तं तुन्हं डोकं शे."

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तुम्ही तर झोपलेले असायचे.

ते बाजरीच्या कोठीला टेकून खाली बसले. त्यांचा गुडघा वाजला. मग म्हणाले, रातपाळी करून आलेला माणूस बारा वाजेपर्यंत झोपतो. त्यानंतर झोप कोणाला येते? डोळे उघडले की तू बसलेली दिसायचीस. आपण उठलो तर ही लगेच उठेल, चूल पेटवेल. म्हणून पडून राहायचो. पाठ अवघडायची. चार वाजता तू कप वाजवलास की उठायचो.

ललित, मी इतकी वर्षं त्यांची झोप मोडू नये म्हणून हललेसुद्धा नाही. खोकला आला तर पदरात खोकायची.

मला हसू आलं. ते म्हणाले, "काब्र हासनी?" मी म्हटलं, काही नाही. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यानंतर आम्ही दोघंही बोललो नाही. जयश्रीनं जेवायला हाक मारली तेव्हा उठलो.

आता रोज येतात. पोतं त्यांनी आपलं वेगळं आणलं आहे. बाकी दिवसभर बोलायचं ते बोलतातच, त्यात काही कमी झालेलं नाही. पण जिन्याखाली गप्प. एकदा पावसाचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, मी पाहिलं, मिटलं.

सुवर्णाला सांग, खोबरेल तेल होतं. घरचं काढलेलं. तिलाही पाठवीन.

सोबत एक फोटो आहे. मी काढला, जयश्रीच्या फोनवर. जिन्याखालच्या भिंतीचा. स्टेशनजवळच्या स्टुडिओत प्रिंट काढून घेतली. तो मुलगा म्हणाला, आजी, यात काहीच नाही, कोणता भाग मोठा करू? मी म्हटलं, आहे तेवढाच दे. तिरका आला आहे, माझं बोटही कोपऱ्यात आलं आहे. डावीकडे नीट पाहिलंस तर रुपयाएवढं काहीतरी दिसेल. नुकतंच धरलं आहे. ते माझं.

उजवीकडे काहीच दिसणार नाही. तुझ्या फुवांच्या डोक्यावर केस राहिलेले नाहीत, तेल कशाला लावतील? पण ते तिथं बसतात. फोटो तुझ्या भूपेंद्रभाईंना दाखवलास तर दाखव. फक्त ती बाजू रिकामी आहे म्हणून कापू नका.

तुझी फुई
रंजना